डाव्या कानाची रिकामी जागा

जिन्याच्या वळणावर दोघांची टक्कर झाली आणि तिच्या हातातले कागद पायऱ्यांवर पसरले.

"सॉरी," तो वाकून गोळा करू लागला.

"राहू द्या. आधी सांगा, कानतपासणीचा प्रोग्रॅम लिहिणारा शहाणा कुठे बसतो?"

"तो... मीच."

ती खालच्या मजल्यावरच्या दवाखान्यात मुलांचे कान तपासायची. तिने एक रिपोर्ट त्याच्या नाकासमोर धरला. "ही आमची चिमणी. वय चार. उजवा कान झाला आणि झोपून गेली. डाव्याची जागा मी रिकामी ठेवली. तुमच्या प्रोग्रॅमने तिथे शून्य भरलं. आमच्याकडे शून्य म्हणजे अगदी बारीक आवाजही ऐकू येतो. झालं... ‘दोन्ही कान उत्तम’. तीन महिने आई तिला हट्टी समजून रागावतेय."

त्याचेच कान लाल झाले. "प्रोग्रॅमच्या भाषेत, पायथनमध्ये, रिकाम्या जागेला ‘नन’ म्हणतात. त्याने हिशेब अडतो. म्हणून मी सगळीकडे शून्य..."

"अडू द्यायचा होता."

मग सलग चार दुपारी ती त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसली. आकडा वापरण्याआधी प्रोग्रॅमने ‘नन’ आहे का ते विचारायचं. असेल तर रिपोर्टवर स्वच्छ लिहायचं – तपासणी बाकी. अशी आणखी अकरा मुलं सापडली. चूक दिसली की तो मान खाजवायचा. तिला हसू यायचं... पण आपण रागावलेलो आहोत, हे ती स्वतःला बजावायची.

चौथ्या दिवशी तिच्या फाइलीत चिठ्ठी निघाली – ‘चहाला याल?’ त्याच दिवशी चिमणीची तपासणी होती. डाव्या कानाने तिला जवळजवळ ऐकूच येत नव्हतं. त्या धावपळीत चिठ्ठीचं उत्तर राहून गेलं.

आठवडाभर तो खाली फिरकला नाही. शेवटी तीच जिना चढली.

"चिमणीला मशीन बसवलं. आईने डावीकडून हळूच हाक मारली, तर वळली. हे सांगायलाही मीच यायचं?"

तो क्षणभर नुसताच हसला. मग पडेल आवाजात म्हणाला, "तुमचं उत्तर आलं नाही. म्हटलं, नकारच असणार."

"कमाल आहे तुमची. रिकामी जागा दिसली की शून्य भरून मोकळे."

त्याचा हात मानेकडे गेला. "मग... काय लिहू?"

"बाकी. पाच वाजेपर्यंत."

पाचला पाच कमी असताना तो जिन्याच्या वळणावर पोचला. ती पर्स खांद्याला लावून आधीच उभी होती – अजून रागातच.

"उशीर केलात," ती म्हणाली.