झाकलेलं ताट

फ्रीजच्या आइसमेकरमधून बर्फाचे खडे धाडकन खाली पडले, आणि इतका वेळ गप्प बसलेली रुपाली दचकून उभी राहिली.

"बर्फ आहे," नीलांबरी म्हणाली. "बसा."

रुपाली ओशाळून बसली. टेबलावरच्या बेबी मॉनिटरमध्ये नीलांबरीची तान्ही नैना जराशी चुळबुळली आणि पुन्हा शांत झाली. नैनाची झोप हेच आता नीलांबरीचं ऑफिस. पूर्वी ती एका विमा कंपनीसाठी खोटे क्लेम शोधायची. बाळ झाल्यावर वेस्ट विंडसरच्या या टाउनहाउसमधून स्वतःच्या लायसन्सवर तपास करत होती. शेजारची रेणू स्वतःची मीटिंग म्यूट करून शेजारी येऊन बसली होती. गाडी चालवणं आणि मधेमधे शंका विचारणं, ही तिची कामं.

"गिरीश, माझा नवरा," रुपाली म्हणाली, "गेल्या वर्षी नामिबियात शिकारीला गेला आणि स्वतःच्याच गोळीनं गेला. रात्री एकटाच रायफल घेऊन बाहेर पडला, अडखळला, गोळी सुटली. असं सगळे सांगतात."

"शिकारीला?" रेणूला राहवेना. "आपल्यातलं कोण जातं यार शिकारीला?"

"देवांगचा हट्ट. त्याचा मित्र. सिंह-हत्ती नव्हे, म्हणाला, कोणी नावही ऐकलं नसेल अशी जनावरं. रानमांजरं, साळिंदरं, खडकावर उभं राहणारं एवढंसं हरीण. बरोबर पिस्कॅटवेचे श्रीरामकाका होते." ती थांबली. "गिरीशनं ते हरीण मारलं. फोटो पाठवला. त्या फोटोतलं हसू मला ओळखू आलं नव्हतं."

"मग आता वर्षानंतर काय झालं?"

"मारलेल्या जनावरांची मुंडकी भुसा भरून तयार होऊन यायला वर्ष लागतं म्हणे. परवा खोका आला. त्यात त्याच्या वस्तूंची पिशवी होती." रुपालीने पर्समधून एक स्टीलचं फुलपात्र काढून टेबलावर ठेवलं. काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी सासूबाईंचं नाव कोरलेलं होतं. "हे आमच्या देवघरातलं. मी घरभर शोधत होते. शिकारीच्या रँचच्या ऑफिसातल्या बाईंना फोन केला, तर म्हणाल्या, त्याच्याजवळच पडलेलं होतं. शिकारीला निघालेला माणूस फुलपात्र कशाला नेईल?"

"देवांग काय म्हणतो?"

"व्हिस्की प्यायला घेतलं असेल."

नीलांबरीने फुलपात्र उजेडात फिरवलं. "घरात देवाचं कोण करायचं?"

"तोच. मी नुसती रांधते."

"त्या दिवशी शेवटचं बोलणं?"

"सकाळी. मी म्हटलं, आज मोदक करतेय, तुझे फ्रीझरमध्ये ठेवते." रुपालीचा आवाज फाटला. "अजून आहेत. टाकवत नाहीत."

मग तिने खरं काय ते सांगितलं. तिची मुलगी रुही आठ वर्षांची होती. रोज झोपताना विचारायची, बाबा इतका स्टुपिड का वागला? "मीच तिला तसं सांगितलंय ना. मलाही तसंच वाटतं. वर्षभर मी त्याच्यावर नुसती चिडून आहे. तो तसाच गेला असेल तर तसं सांगा. वाईट असलं तरी चालेल, पण खरं हवं."

दारात ती वळली. "देवांगला विचारा, पण दुखवू नका. ड्राइव्हवेवरचा बर्फ काढण्यापासून रुहीच्या सॉकरपर्यंत सगळं तो करतो. तो नसता तर मी उभी राहिले नसते."

*

पिस्कॅटवेला श्रीरामकाकांच्या घरी दिवाणखान्यात फक्त साळिंदराचे काटे होते, फुलदाणीत खोचलेले.

"मुंडकी बेसमेंटमध्ये," मीनाक्षीकाकू चहा ठेवत म्हणाल्या. "वर माझा सत्यनारायण होतो."

"हिला कलेची कदर नाही," काका म्हणाले. नागपूरहून येऊन त्यांना तीस वर्षं झाली होती, पण शिकारीचा विषय निघाला की हात आपोआप बंदूक धरल्यासारखे उचलले जायचे. "रात्रीची शिकार म्हणजे काय सांगू. जनावर दिसतच नाही. टॉर्च मारायचा, डोळे चमकतात. दोन चमकले तर ते तुमच्याकडे बघतंय. एकच चमकला तर आडवं उभं आहे. पण गाइड बजावायचा, चमक म्हणजे जनावर नव्हे, आधी अंग बघा, मग बोट ट्रिगरवर."

"त्या दिवशी गिरीश चांगला नेम मारत होता?"

"त्या दिवशी तो आलाच कुठे? सकाळीच म्हणाला, आज मी रायफलला हात लावणार नाही. लॉजवर पुस्तक वाचत बसला."

"आणि जेवण?"

"आम्ही जेवलो. तो म्हणाला, मी नंतर. स्वयंपाक्यानं ताट झाकून ठेवलं. आम्ही चेष्टा केली, डाएट काय रे. हसला नुसता. मग मी आडवा झालो. गाइड मांस द्यायला गावात गेला होता. डोळा लागतोय तोच बार झाला."

"तुम्ही धावलात?"

"मी आणि स्वयंपाकी. नाइट ड्रेसवरच." काकांनी पँट वर करून गुडघ्यावरचा वण दाखवला. "हा तेव्हाचा. मरणाचा काळोख. पायाखालचा दगड दिसेना. पोहोचलो तर देवांग आधीच तिथे, गुडघ्यावर बसून रडत होता. रायफल गिरीशशेजारी."

"त्याचीच?"

"लॉजच्या स्टँडवरची. कोणीही घ्यावी."

"आणि ते ताट?"

"तसंच. झाकलेलं. सकाळी स्वयंपाक्यानं उचललं, तोही रडला बिचारा."

"पोलिसांना तुम्ही पडल्याचं सांगितलंत?"

"माझ्या गुडघ्याचं कोणाला काय?" काकांनी चहाकडे पाहिलं. "मला कोणी काही विचारलंच नाही."

*

देवांग सॉकरच्या मैदानावर भेटला. जन्म इथलाच, पेशानं रेडिओलॉजिस्ट, मराठी आईकडून शिकलेली. फोल्डिंग खुर्चीत बसून तो क्लेमेंटाइन, लहानसं संत्रं, सोलत होता. सालीखालची पांढरी शीर न् शीर काढत होता.

"रुहीला ते दोरे आवडत नाहीत," तो म्हणाला. "विचारा. मी हे इतक्या वेळा सांगितलंय."

"पुन्हा एकदा सांगाल?"

"डिनर झालं. श्रीरामकाका झोपले. मी व्हरांड्यात बसलो होतो. गिरीश खाली उतरला, रायफल खांद्यावर. मी ओरडलो, हे मॅन, गाइडशिवाय जायचं नाही. तो थांबला नाही. पाणवठ्याकडे गेला."

"रात्रीचं तुम्हाला इतकं स्पष्ट दिसलं?"

"फुल चांदणं होतं. रायफलचा पट्टासुद्धा दिसत होता. ते चांदणं मी कधीच विसरणार नाही."

त्याचा आवाज इतका खरा होता की रेणूने पर्समधून टिश्यू काढला.

"तो जेवला का नव्हता?"

"इंटरमिटंट फास्टिंग. आमचं अर्धं हॉस्पिटल करतं. मी त्याला म्हटलं, व्हेकेशनवर तरी खा."

रुही धावत आली, फोडी तोंडात कोंबून "थँक यू काका" म्हणत परत पळाली. देवांग तिच्याकडे बघत राहिला.

गाडीत बसल्यावर रेणू म्हणाली, "किती माया करतो गं. सख्खा करणार नाही इतकी."

"हो," नीलांबरी म्हणाली. "तेच मला सहन होत नाहीये."

"म्हणजे?"

"रेणू, समज, गणपती होऊन गेलेत, घरात कोणाचा वाढदिवस नाही. तू मोदक कधी करतेस?"

"मी? मी फ्रोझन आणते."

नीलांबरीने डोळे मिटून घेतले.

*

शनिवारी सकाळी सगळे रुपालीच्या घरी जमले. रुही वर खोलीत होती. कोपऱ्यात उघडा खोका, त्यातून ते हरीण काचेच्या डोळ्यांनी बघत होतं. नैनाला मांडीवर थोपटत नीलांबरी बोलू लागली.

"रुपालीनं त्या दिवशी मोदक केले. गिरीशनं रायफलला हात लावायचं नाही म्हटलं. सगळे जेवले, तो थांबला, ताट झाकून ठेवलं. देवघरातलं फुलपात्र तो सामानात घालून घेऊन गेला होता. या चार गोष्टी एका घरात घडल्या असत्या तर तुम्ही सगळ्यांनी एका शब्दात सांगितलं असतंत. त्या दोन खंडांत घडल्या म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही."

"संकष्टी," रेणू पुटपुटली.

रुपालीने तोंडावर हात घेतला. "दर महिन्याची. मी मोदक करते, तो सोडतो. मी… तिकडे तो पाळत असेल असं मला वाटलंच नाही. हरीण मारणारा माणूस उपास कसला पाळतो, म्हटलं."

"पाळत होता. चंद्र दिसला की अर्घ्य द्यायचं, मग जेवायचं. म्हणून तो पाण्यानं भरलेलं फुलपात्र घेऊन बाहेर पडला, जिथून पूर्व दिसते तिथे. रायफल घेऊन नव्हे." ती देवांगकडे वळली. "तुम्हाला ते इंटरमिटंट फास्टिंग वाटलं. तुमची चूक नाही, तुम्हाला कोणी सांगितलंच नसेल. पण तिथेच तुम्ही अडकलात. संकष्टीला चंद्र चांगला अंधार पडून गेल्यावर उगवतो. इथेही आणि नामिबियातही. मी त्या रात्रीची वेळ पडताळली. पण त्याचीही गरज नव्हती. ताट झाकलेलं होतं. गिरीश जेवला नव्हता, कारण चंद्र उगवला नव्हता."



"तुम्ही सांगता ते चांदणं खरं आहे. पण ते नंतरचं. माणसं जमली, गाइड परतला, तेव्हाचं. तेच मनात बसलं आणि गोष्ट रचताना आधी येऊन बसलं. गोळी सुटली तेव्हा काळोख होता. श्रीरामकाकांच्या गुडघ्याला विचारा."

काकांनी मान खाली घातली.

"काळोखात व्हरांड्यातून गिरीश तुम्हाला दिसूच शकत नव्हता. मग तो रायफल घेऊन गेला ही गोष्ट का रचावी लागली? रायफल तिथे कोणीतरी नेली होती. गाइड गावात. काका आणि स्वयंपाकी लॉजमधून एकत्र धावले. बाहेर उरला एकच माणूस, आणि तो सगळ्यांआधी तिथे होता. त्याच्याकडे टॉर्च होता. आणि समोर, कमरेच्या उंचीवर, पाण्यानं भरलेलं स्टीलचं फुलपात्र."

"एकच चमकला तर आडवं," श्रीरामकाका हळूच म्हणाले.

देवांगने मांडीवरचं जॅकेट बाजूला ठेवलं.

"मी दोन ड्रिंक्स घेतली होती," तो म्हणाला. "किचनच्या मागे, पाणवठ्याकडे सिव्हेट, म्हणजे उदमांजर, येतं असं स्वयंपाकी म्हणाला होता. मला फक्त… मला एकट्यानं एक मारायचं होतं. मी अंग बघितलं नाही. जवळ गेलो तर पाणी सांडलेलं. मला वाटलं हा पाणी प्यायला उठला होता." त्याने मान वर केली. "मग चंद्र आला. मोठा, पिवळा. मी त्याच्यावर ओरडलो. गिरीश त्याच्यासाठीच थांबला होता, हे मला आज कळतंय."

"काका, तुम्हाला माहीत होतं?" रुपालीने विचारलं.

"माहीत नव्हतं गं. वाटलं होतं." श्रीरामकाकांचा आवाज म्हातारा झाला होता. "वाटलेलं बोलायचं कसं? त्याचंही आयुष्य होतं."

"माझं नव्हतं?"



रुपाली देवांगसमोर जाऊन उभी राहिली. ती ओरडली नाही. "वर्षभर मी माझ्या मेलेल्या नवऱ्याला शिव्या घातल्या. रुहीला सांगितलं, तुझा बाबा बेफिकीर होता. तू समोर बसून ऐकत होतास. एकदा तर मला पाणी आणून दिलंस."

"मला सांगायचं होतं. दर रविवारी."

"दर रविवारी तू तिची संत्री सोललीस."

नीलांबरी म्हणाली, "तिथल्या पोलिसांना तुम्ही स्वतः लिहाल. सोमवारपर्यंत. नाहीतर मी लिहीन. काका, तुमचं म्हणणंही जोडावं लागेल."

देवांगने मान हलवली. जॅकेट उचललं. जिन्याकडे एकदा बघितलं, पण हाक मारली नाही. त्याच्या मागून काकाही गेले. रुपाली खोक्याजवळ जमिनीवर बसली. तिचे खांदे हलायला लागले, तेव्हा रेणू तिच्याशेजारी खाली बसली आणि पहिल्यांदाच काही विचारलं नाही.

नैना कुरकुरू लागली म्हणून नीलांबरी तिला घेऊन बाहेर आली. जिन्याच्या मधल्या पायरीवर रुही बसली होती. कधीपासून, कोण जाणे. पायात सॉकरचे मोजे, एक वर, एक घोट्यापाशी.

"मी ऐकलं," ती म्हणाली. "बाबा स्टुपिड नव्हता."

"नव्हता, राणी."

"देवांगकाका आता कधीच येणार नाही?"

"नाही येणार."

 नैनाने हात पुढे केला, तशी रुहीने आपलं बोट तिच्या मुठीत दिलं. मग त्या मुठीकडेच बघत तिने विचारलं,

"मावशी, मला काकाची आठवण आली तर बाबाला राग येईल?"