डोळे नावाचं फोल्डर

त्या दुपारी दुकानात काय काय होतं ते आधी सांगते. कारण नंतर मी ते पुन्हा मोजलं.

एक कॉम्प्युटर. एक निळा पडदा. छत्रीचे दोन फ्लॅश लाइट, दोन्हींच्या वायरी काढून गुंडाळलेल्या. फोटोला बसायचं एक लाकडी स्टूल, भिंतीकडे सरकवून ठेवलेलं. एक आरसा, त्याला सुतळीने बांधलेला कंगवा. खिळ्याला एक काळा कोट, ज्याच्याकडे स्वतःचा नाही त्याच्यासाठी.

आणि मी.

मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे. ऐकीव गोष्टी मी पुढे पाठवत नाही. ही ऐकीव नाही. मागच्या मे महिन्यात, पुलगावला, भर दुपारी हे घडलं आणि मी तिथे बसलेली होते.

माझे काका प्रभाकरराव यांचा पुलगावला फोटो स्टुडिओ होता. पुढे दुकान, मागे घर. प्रत्येकाच्या हातात मोबाइल आला आणि धंदा बसला. काकाजींनी दुकान बंद करायचं ठरवलं. संध्याकाळी भंगारवाला येणार होता. कॉम्प्युटरही जाणार होता.

"धीरज म्हन्ते, सारं डिलीट केलं," काकाजी म्हणाले. धीरज त्यांचा मुलगा, नागपूरला नोकरीला आहे. "पन मले तुह्याकडून पक्कं पाह्यजे."

"डिलीट म्हणजे नुसती दारावरची पाटी काढणं, काकाजी. घर तिथंच राहते. माहीत असलेला माणूस आत शिरतेच."

"मंग घर पाडून टाक."

घर पाडायची पद्धत आहे. डिस्कच्या प्रत्येक जागेवर शून्य लिहायचं. आधी काय होतं ते मग कुणालाच वाचता येत नाही. त्या डिस्कवर अर्ध्या तालुक्याचे चेहरे होते, आधार कार्डांच्या प्रती होत्या. मला वाटलं, काकाजींना त्याचीच काळजी आहे.

तसं नव्हतं.

धीरजने पुसलेलं मी आधी परत आणून दाखवलं, म्हणजे त्यांना फरक कळावा. फोल्डरांची रांग उभी राहिली. एकाचं नाव होतं... 'डोळे'.

काकाजींनी नजर वळवली.

तेवढ्यात काकू आतून आली. रुख्मिणीकाकू. एका हाताने भिंत चाचपडत, दुसऱ्या हातात पन्ह्याचा ग्लास.

"टेबल कुठी हाय ते सांग, आचल. नाईतर तुह्या कॉम्प्युटरलेच पाजीन."

मी हसले. काकाजी हसले नाहीत.

काकूची नजर तीन-चार वर्षांपासून कमी होत चालली होती. वर्ध्याच्या डॉक्टरांनी सगळं तपासलं होतं. पडदा चांगला. नस चांगली. मोतीबिंदू नाही. कारण सापडत नव्हतं.

ती आत गेल्यावर काकाजी हळू आवाजात बोलायला लागले.

"खेड्यातल्या म्हाताऱ्या बायाचा फोटो कोनाच्या घरी राह्यते? माय मेली का पोरगा मोबाइल घेऊन येते. त्यात आंघोळ घालून निजवलेली माय. म्हन्ते, भाऊ, डोळे उघडून द्या, हार घालाचा हाय."

"मग?"

"मंग काय. नवीन लाइट आनले तवा तुह्या काकूचा फोटो काढलता. लय साफ डोळे. तेच लावून देत होतो."

"किती जणींना?"

त्यांनी बोटांवर मोजायला घेतलं आणि मधेच सोडून दिलं.

"मले तिची नजर वापस पाह्यजे, बेटा," शेवटी म्हणाले. "इथून असे पुसजो का कोनालेच सापडू नये."

मी वाद घातला नाही. पुसायचं तर होतंच.

आता मी काय केलं ते नीट सांगते.

पुसणं खरंच झालं का, हे तपासायला एक ओळखीची फाइल आधी ठेवावी लागते. शेवटी ती सापडली नाही म्हणजे पद्धत बरोबर. प्रयोगशाळेत आम्ही असंच करतो. माझ्या मोबाइलमध्ये माझा पासपोर्ट साइज फोटो होता. तो मी डिस्कवर टाकला.

'डोळे' फोल्डरमध्ये.

मग पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू केली आणि शून्य लिहायला लावलं. काकाजी आत जाऊन आडवे झाले. शटर अर्धं खाली होतं. बाहेर रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. उन्हाचा एक पट्टा फरशीवर पडला होता.

स्क्रीनवर टक्के वाढत होते.

मग मागे आवाज झाला...

चर्र.

लाकडी स्टूलवर कुणी बसलं की होतो तसा.

मी वळून पाहिलं. स्टूल रिकामं.

उन्हाने लाकूड आकसतं. मी स्वतःला तेच सांगितलं.

फोटो काढायला लागतो तेवढा वेळ गेला. मग पुन्हा... चर्र. या वेळी उठल्याचा.

नंतर लगेच दुसरं कुणी बसल्याचा.

पंखा बंद होता. वारा नव्हता. तरी आरशाजवळचा कंगवा सुतळीवर हलत होता. केस विंचरून कुणी सोडून दिल्यासारखा. थांबायला लागला की पुन्हा हलायचा.

बसल्याचा आवाज. उठल्याचा आवाज. कंगवा.

रांग लागली होती.

काउंटरवर काकाजींचा मोबाइल वाजला, तेव्हा मी अक्षरशः दचकून उभी राहिले.

"प्रभाकरभाऊ, मी तानबा. रोहण्यावरून."

"काकाजी झोपले आहेत. मी पुतणी बोलते."

"त्याईले सांगा बाई..." त्याचा श्वास ऐकू येत होता. "आमच्या मायच्या फोटोचे डोळे मिटले."

"फोटो ओला झाला का? पडला का?"

"नाई वं बाई. भिंतीवरच हाय. काच साफ हाय. आता जेवाले बसलो, वर पाह्यलं... तं माय डोळे मिटून हाय. फोटोवाल्याकडं आनलती तशी."

मी फोन ठेवून स्क्रीनकडे वळले.

स्क्रीनवर शंभर टक्के झाले.

स्टूल शेवटचं वाजलं. कंगवा थांबला.

आणि निळ्या पडद्याकडून... फ्लॅश उडाला.

पांढरा. माझ्या तोंडावर.

त्या लाइटची वायर गुंडाळलेलीच होती. प्लग जमिनीवर पडलेला. मी हाताने तपासलं. काच थंड होती. किती तरी वेळ मला समोर फक्त एक पांढरा ठिपका दिसत होता.

"आचल!" मागच्या दारातून काकूचा आवाज आला. "तुह्या ओढनीले हळद लागली. खालच्या काठाले. सकाळपासून तशीच फिरून राह्यली का?"

ती दारातच उभी होती. भिंतीला हात न लावता.

मी ओढणी उचलून पाहिली. दाण्याएवढा डाग होता. मला तो डोळ्यांजवळ आणल्यावर दिसला.

काकाजी तिच्या मागे येऊन उभे राहिले. त्यांनी बोटं वर करून विचारलं, "रुख्मिणी, किती?"

"तीन. आन् नखं कापा जरा."

काकाजी तिथेच उंबऱ्यावर बसले आणि लहान मुलासारखे रडले.

मी डिस्क तपासली. डिस्क वाचून शून्य नसलेल्या जागा मोजायच्या. एकही निघायला नको होती.

निघाल्या. थोड्याच, एका लहान फाइलएवढ्या.

फाइल परत आणली. चित्र होतं. काकूचे डोळे नव्हते.

माझे होते.

मी पूर्ण फोटो ठेवला होता. हे फक्त डोळे होते, नीट कापलेले, दुसऱ्या चेहऱ्यावर बसवायला करतात तसे. आणि दोन्ही बुबुळांत छत्रीच्या लाइटचं पांढरं प्रतिबिंब होतं. माझा फोटो मोबाइलवर काढलेला, खिडकीशी. त्यात ती छत्री असायचं कारण नव्हतं.

मी पुन्हा शून्य लिहिलं. तेवढीच जागा उरली. तेच डोळे.

मग दुकानातल्या वस्तू मोजल्या. तेवढ्याच होत्या. स्टूल मात्र भिंतीपाशी नव्हतं. कॉम्प्युटरसमोर होतं, माझ्या खुर्चीच्या अगदी मागे.

संध्याकाळी भंगारवाला आला तेव्हा मी डिस्क काढून ठेवली. बाकीचं त्याने नेलं.

तो हातगाडी ढकलत वळणापर्यंत गेला नव्हता, तेवढ्यात तानबाचा पुन्हा फोन आला. काकाजींनी स्पीकर सुरू केला.

"भाऊ, मायनं डोळे उघडले." तो थांबला. "पन नजर येगळी हाय. हे कोनाचे लावले तुमी?"

काकाजींनी माझ्याकडे पाहिलं. फोन ठेवून दिला.

डिस्क आता वर्ध्याला माझ्या कपाटात आहे. फोडायला हातोडी आणली होती. फोडल्यावर त्या डोळ्यांचं काय होईल हे मला माहीत नाही, आणि तपासून बघण्याचा प्रयोग मला करवत नाही.

गेल्या आठवड्यात काकूला आणि मला एकाच डॉक्टरांनी तपासलं. आम्हा दोघींचा पडदा चांगला, नस चांगली, मोतीबिंदू नाही. त्या दुपारच्या आधी, एप्रिलमध्ये, नोकरीच्या तपासणीत माझे दोन्ही डोळे ६/६ होते.

काकू : उजवा ६/६, डावा ६/६.

मी : उजवा ६/२४, डावा ६/३६.