हललेला फोटो

मिरजेत सतारी करणाऱ्यांच्या गल्लीत तौसीफचं दुकान. आत शिरलं की आधी पॉलिशचा वास नाकात बसतो आणि मग भिंतीवर ओळीनं टांगलेल्या सतारी दिसतात. सतारीत वाजवायच्या तारांखाली बारीक तारांची आणखी एक रांग असते, तिला तरफा म्हणतात. त्या कुणी छेडायच्या नसतात. जवळपास आवाज झाला की आपल्या आपण गुणगुणतात. तौसीफला वडिलांपासूनची सवय होती, सकाळी कुलूप काढून आत पाऊल टाकलं की एकदा खाकरायचं. भिंतीवरून बारीक झुंऽऽ असं उत्तर यायचं आणि मग त्याचा दिवस सुरू व्हायचा.

पोट सतारीवर चालत असलं तरी जीव कॅमेऱ्यात अडकलेला. सांगली-साताऱ्याकडच्या हौशी मंडळींचा त्यानं मोबाइलवर ग्रुप केला होता. फलटणचे एक मास्तर, महाबळेश्वरचा एक स्ट्रॉबेरीवाला, जतकडचा डाळिंब लावणारा धनाजी, अशी भेळ होती सगळी. कुणी विचारो न विचारो, तौसीफचा सल्ला तयार. कॅमेरा जुना चालेल, पण ट्रायपॉड दणकट घ्या. भर दुपारी माणसांचे चेहरे काढू नका, डोळ्यांखाली खड्डे पडतात. लेन्स शर्टाच्या टोकानं पुसणाऱ्याला तर तो जिवंत सोडायचा नाही. जेवण निवलं तरी ह्याचं बोट मोबाइलवर, आणि बायको फिरदोस म्हणायची, भाजा, लष्कराच्या भाकऱ्या भाजा.

दिव्याखाली अंधार म्हणतात तसं, जगाचे फोटो काढणाऱ्या ह्या माणसाकडं स्वतःच्या आईचा एक धड फोटो नव्हता. हुसेनबींची मान सारखी लटलट हलायची. म्हातारपणाचा कंप तो. घरातल्या उजेडात काढलेला त्यांचा प्रत्येक फोटो हललेला यायचा, आणि एकदा बाहेर नीट काढू, एकदा बाहेर नीट काढू, असं म्हणता म्हणता वर्षं गेली. वडील, वजीरमियाँ, फोटो काढून घ्यायला तयारच नसायचे. ते गेल्यावर घरात त्यांचा चेहरा उरला तो आधार कार्डावरचा, तोही पुसट. हुसेनबी एकदा मुलाला म्हणाल्या, "तुझ्या अब्बांचं तोंड मला आता नीट आठवंना, बेटा. माझं तरी कायतरी मागं ऱ्हाऊ दे." तौसीफला ते फार लागलं होतं.

त्याच सुमारास त्यानं काळी काच घेतली. तिच्यात जादूबिदू काही नसते, कुठल्याही कॅमेऱ्याच्या दुकानात मिळते. लेन्सवर चढवली की भर उन्हातसुद्धा कॅमेऱ्याचा डोळा दोन दोन मिनिटं उघडा ठेवता येतो. गंमत अशी की तेवढ्या वेळात जे हलतं ते फोटोतून पुसलं जातं. भरला बाजार रिकामा दिसतो. ओटे दिसतात, झाडं दिसतात, माणूस नाही. ग्रुपवर तौसीफनं हे फोड करून सांगितलं होतं. जिवंत माणूस दोन मिनिटं पुरता स्थिर राहूच शकत नाही, म्हणून गर्दी पुसली जाते. लक्षात ठेवा, म्हणून खाली अंगठाही टाकला होता.

काच वापरून बघायला तो धनाजीच्या गावच्या बाजाराला गेला. मेंढरांचा बाजार, ऊन मी म्हणत होतं. ट्रायपॉड लावला, काच चढवली, बटण दाबलं, आणि दोघं कडुलिंबाच्या सावलीत चहा पीत बसले. फोटो आला तो तौसीफला हवा तसाच. एवढं मोठं मैदान ओसाड. ना माणूस, ना मेंढरू. फक्त मधोमध खांद्यावर घोंगडं टाकलेला एक म्हातारा काठी टेकून उभा. मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा इतका स्पष्ट.

धनाजी वाकून बघतच राहिला. "आवं, हे आमचं धुळाआण्णा. माजं चुलतं. पर ते तर मेंढरं वळत ह्या टोकाचं त्या टोकाला पळत व्हतं की."

थांबले असतील घटकाभर, तौसीफ म्हणाला. ग्रुपवर त्या फोटोची वाहवा झाली. पुढच्या बाजाराच्या आत धनाजीचा फोन आला, धुळाआण्णा गेले. मेंढरं पाण्यावर नेली होती, तिथंच काठी टेकून बसले ते उठलेच नाहीत. तौसीफनं हळहळून तोच फोटो मोठा करून पाठवला. म्हाताऱ्या माणसाचं काय, पिकलं पान, असं त्याचं त्यानंच मनाला सांगितलं.

मग लालासाहेबांचा फोटो आला. हे दुकानासमोरच्या बाकावर बसणारे, एसटीतनं निवृत्त झालेले कंडक्टर. हाडापेरानं धट्टेकट्टे, आणि तोंडाचा पट्टा कधी बंद नाही. एका दुपारी तौसीफनं दाराशी ट्रायपॉड लावून गल्लीचा फोटो घेतला. कॅमेऱ्याचा डोळा उघडा होता तोवर लालासाहेब पेपरनं वारा घेत, हातवारे करत, घाटात गाडी बंद पडल्याची गोष्ट सांगत होते आणि तौसीफ हुंकार देत होता. फोटोत गल्ली रिकामी. सायकली नाहीत, माणसं नाहीत, समोरच्या दारातला पडदासुद्धा धुरकट. बाकावर लालासाहेब मात्र लख्ख. पेपर मांडीवर ठेवलेला, तोंड मिटलेलं, नजर कॅमेऱ्याकडं.

तौसीफच्या मनात पाल चुकचुकली. कॅमेरा बंद करून तो समोर गेला आणि उगाच लालासाहेबांच्या शेजारी बराच वेळ बसून राहिला. हात उबदार होते, चहा त्यांनीच पाजला. आठवडा सरायच्या आत लालासाहेब झोपेतच गेले. मयतीला जाऊन आल्यावर त्यानं तो फोटो पुसून टाकला, पण डोळ्यांसमोरून जाईना.

त्या दिवसापासून त्याला एक खोड लागली. सकाळी हुसेनबी अंगणात तांदूळ निवडत बसल्या की हा लांबून ट्रायपॉड लावायचा, काच चढवायचा आणि दोन मिनिटं श्वास धरून उभा राहायचा. कॅमेऱ्याच्या पडद्यावर सूप दिसायचं, उंबरा दिसायचा, आणि आईच्या जागी पांढरा धुरकट फराटा. तो फराटा बघितला की त्याचा जीव भांड्यात पडायचा. ज्या माणसानं हललेल्या फोटोवरून उभ्या ग्रुपला फैलावर घेतलं होतं, तो आता हललेला फोटो बघून देवाचे आभार मानत होता. हुसेनबींना वाटायचं, पोरगं आता मनावर घेऊन आपला फोटो काढतंय. कसा आला म्हणून विचारायच्या. हा म्हणायचा, हलला अम्मा, उद्या परत काढू.

त्यानं हे एकट्या धनाजीला फोनवर सांगितलं. 

"तौसीफभाई... ती काच टाकून द्या."

"काचेत काय नाही रं गड्या. साधी काच आहे."

"मग रोज बगताय कशापायी?"

तौसीफनं फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा अंगणात ट्रायपॉड लावला.

पुढं ग्रुपची वाईची सहल ठरली. घाटावर, देवळांच्या आसपास फोटो काढत फिरायचं, असा बेत. वाईत हुसेनबींची धाकटी बहीण जीनत राहायची, तिला भेटणं होईल म्हणून तौसीफनं आईला आणि फिरदोसला गाडीत घेतलं. सकाळचा वेळ बहिणीबहिणींच्या गप्पांत गेला. दुपारी सगळे घाटावर उतरले. ग्रुपची बाकीची मंडळी जेवायला पांगली होती, मागं राहिला तो एकटा धनाजी.

भर दुपारच्या उन्हात चेहरा काढू नये हा तौसीफचाच नियम. म्हणून देवळाच्या भिंतीची सावली पाहून त्यानं आईला पायरीवर बसवलं आणि काच न लावता, साध्या रीतीनं फोटो घेतला. मानेचा कंप पकडता येऊ नये इतक्या झटक्यात. फार सुंदर फोटो आला. पांढरा पदर, नाकातली चमकी, ओठांच्या कडेला दाबलेलं हसू. हुसेनबींनी तो पडद्यावर पाहिला आणि त्यांचे डोळे भरले. आता कधी बी बोलावणं येऊ दे, म्हणाल्या. तौसीफ एवढा चिडला की फिरदोसला मध्ये पडावं लागलं.

त्याला शांत करायला म्हणून हुसेनबीच म्हणाल्या, आता तू बी ये, सून बी येऊ दे, समद्यांचा मिळून एक काढ. त्यांच्या त्या बोलावण्याच्या बोलण्यानं तौसीफच्या काळजात घर केलं होतं. त्यानं खिशातून काळी काच काढली.

धनाजीनं ती पाहिली. "आता कशाला, भाई?"

"एकदाच. आज बघितलं की पुन्हा नाही. तू बटण दाब."

मग तो आई आणि बायकोला म्हणाला, ह्या फोटोत सगळ्यांनी हलायचं, जेवढं हलता येईल तेवढं. फिरदोसला हसू आवरेना. जन्मभर हलू नका म्हणून ओरडलात आणि आता हे काय, म्हणाली. तरी ती पदर हलवत राहिली. हुसेनबींना वेगळं सांगायला नकोच होतं. तौसीफ त्यांच्या मागच्या पायरीवर उभा राहिला. धनाजीनं बटण दाबलं.

खाली कुणीतरी धुणं आपटत होतं. तो आवाज आधी जवळ वाटला, मग लांब, मग नदीपलीकडून आल्यासारखा. देवळातली घंटा वाजली आणि तिचा सूर जरा जास्तच वेळ हवेत टांगून राहिला. ओल्या दगडांचा, शेवाळाचा वास आला, पायऱ्या तर उन्हानं कोरड्या ठणठणीत होत्या. तौसीफ मागं-पुढं झुलत होता, हात झाडत होता, एक पायरी चढून पुन्हा उतरत होता. नजर मात्र सगळा वेळ एकाच ठिकाणी, आईच्या मानेवर. हलतेय ना... हलतेय...

कॅमेऱ्यानं टक् केलं. धनाजी पडद्यावर वाकला आणि तसाच राहिला.

"अम्मा?" तौसीफनं विचारलं. 

"हलल्यात. समद्या पुसल्यात."

"फिरदोस?"

"वयनी बी."

तौसीफ मटकन पायरीवर बसला आणि लहान पोरासारखा हसला. आईचे पाय धरले, बायकोच्या डोक्याला डोकं लावलं. धनाजीनं कॅमेरा बंद करून पिशवीत ठेवला आणि पिशवी खांद्याला अडकवली. परतीच्या वाटेवर एका कामासाठी त्याला साताऱ्यातच उतरायचं होतं, पण तो उतरला नाही. मी चालवतो म्हणून त्यानं तौसीफला शेजारी बसवलं आणि मिरज येईस्तोवर अधूनमधून त्याच्या मनगटाला हात लावून बघत राहिला. तौसीफला वाटलं, पोरगं घाबरलंय. पिशवी मात्र धनाजी जाताना दारातच विसरला.

दुसऱ्या दिवशी तौसीफ खुशीत दुकानावर आला. आज सतारीला तारा चढवायच्या आणि मग आईचा फोटो छापायला द्यायचा, असं ठरवूनच. कुलूप काढलं, आत पाऊल टाकलं, आणि नेहमीसारखा खाकरला.

भिंत गप्प होती.

तो पुन्हा खाकरला, जरा जोरात. सतारी जागच्या जागी टांगलेल्या होत्या. तरफांवर बोट ठेवून त्यानं पाहिलं, चांगल्या ताणलेल्या होत्या. हवेचा गुण असेल, म्हणून त्यानं जवळ जाऊन एका सतारीच्या भोपळ्याजवळ तोंड नेऊन स्वतःचंच नाव घेतलं. एकाही तारेला जाग आली नाही.

मागून हुसेनबी आल्या. त्यांच्या हातात कॅमेरा होता. पिशवी आत ठेवताना सुनेनं त्यांना कालचे फोटो दाखवले होते. मान लटलट हलत होती आणि तोंडभर हसू होतं.

"बेटा, माझा फोटो ऱ्हाऊ दे, हाय तो हाय," त्या म्हणाल्या. "तो समद्यांचा छाप. मी आन् सून धुरागत दिसतोय, पर तू लय झ्याक आलायस बग. सदऱ्याचं येक बटण हललं न्हाई. एवढा नाचत व्हतास, आन् फोटूत कसा गप उभा हायस रं?"

त्यांच्या शब्दाशब्दाला भिंतीवरच्या सगळ्या सतारी एकदम गुणगुणल्या, आणि त्या बोलायच्या थांबल्यावरही तो झंकार बराच वेळ दुकानात फिरत राहिला.

तौसीफनं कॅमेरा हातात घेतला. अम्मा, असं काहीतरी तो म्हणाला. हुसेनबी त्याच्या तोंडाकडं बघत राहिल्या, मग कानाला हात लावून पुढं वाकल्या.

"काय म्हणालास, बेटा? आयकू आलं न्हाई."