फेब्रुवारीचा बुरूज

डेल हॉस्किंगच्या बहिणीला जुळं झालं ते वर्ष एकोणीसशे सव्वीस. त्याच वर्षीच्या जुलैत केझाया ट्रेम्बाथ ही विधवा नेवाडातल्या आपल्या खाणीच्या तोंडाशी बंदूक मांडीवर घेऊन बसली, ती उठेना.

तिनेच गुप्तहेर उर्रुतीला बोलावून घेतलं. डेल त्याचा सोबती. खाणीत उमर घालवलेला, डोकं जरा सावकाश चालणारा.

"चहा मिळणार नाही," बाई म्हणाली. "चुलीकडे वळले की तो स्ट्राउड आत घुसेल."

भांडण उघड होतं. माळ सरकारचा, खुणेचा बुरूज, म्हणजे दगडांची रास, रचून दरसाल खोदकाम करेल त्याचा दावा. गेल्या साली बाईचा नवरा अंथरुणाला खिळला, खोदकाम राहिलं, दावा मोकळा पडला. तरी दुसऱ्या कुणी बुरूज रचायच्या आत जुन्या धन्याने काम धरलं तर हक्क त्याचाच. नवऱ्याला माती देऊन बाईने एप्रिलमध्ये कुदळ उचलली. व्हर्जिल स्ट्राउड म्हणत होता, आपला बुरूज फेब्रुवारीतच उभा राहिला.

"एप्रिलमध्ये बुरूज होता?" उर्रुतीने विचारलं.

"आंधळी आहे का मी? जूनअखेर लेकीकडे जाऊन आले, तर हा उभा!"

स्ट्राउड बुरुजापाशीच भेटला. "बघून घ्या. म्हातारीला दिसत नाही, त्याला मी काय करू?"

डेलने दगड निरखले. सगळ्यांवर दगडफुलाचे जुनाट डाग. ताजा फुटलेला एकही नाही. "जुनाच वाटतो रे," तो पुटपुटला.

स्ट्राउडचा साक्षीदार लॅम्बर्ट विहिरी खणायचा. "गुडघाभर बर्फ होतं, साहेब. काळी माती दिसेतो फावड्याने खरवडलं, मगच पहिला दगड बसवला."

"नंतर बुरूज हलवला नाही?" उर्रुतीने विचारलं.

"एकही दगड नाही!" स्ट्राउड मध्येच बोलला.

उर्रुतीने डेलच्या मदतीने बुरूज अर्धा उतरवला आणि तळाचा धोंडा कलता केला. खाली चेपलेलं रानगवत होतं, तांबूस, कुसळांनी भरलेलं.

"गवत आहे नुसतं," डेल म्हणाला.

"तसाच धरून ठेव," उर्रुती म्हणाला आणि त्याने सोबत आणलेल्या, दावे नोंदवणाऱ्या अधिकाऱ्याला हाक मारली. बाईही बंदुकीसकट आली.

"स्ट्राउड, तू पक्का खाणवाला. ताजा दगड चुगली करतो हे तुला ठाऊक, म्हणून डागाळलेले दगड वेचून आणलेस. पण खाणवाले दगड बघतात, गवत नाही. मी मेंढरांमागे वाढलो. हे गवत पिकून तांबडं होतं जूनमध्ये. फेब्रुवारीत इथे काळी माती होती म्हणता, मग धोंड्याखाली पिकलेलं गवत कुठून आलं?"

"गेल्या वर्षीचं असेल!" स्ट्राउड ओरडला.

"त्याची कुसळं हिवाळ्याआधीच झडतात. आणि ते तर तुम्ही खरवडून टाकलंत. हे मुळासकट उभं होतं, कुसळं धरून होतं, तेव्हा त्यावर धोंडा पडला. म्हणजे जूनअखेर. बाई एप्रिलपासून खणतेय."

लॅम्बर्टने टोपी काढली. "महिनाभर एकाही विहिरीला पाणी लागलं नव्हतं, साहेब, मजुरी नव्हती. पोटासाठी स्ट्राउडचे पैसे घेऊन खोटं बोललो."

अधिकाऱ्याने होकारार्थी मान डोलावली. "दावा बाईंचा."

"तो होताच," बाई म्हणाली. "तुम्ही सांगायच्या आधीपासून. स्ट्राउड, तुझे दगड उचल माझ्या जमिनीवरून. डेल, तू मदत करू नकोस. त्याचे त्यालाच वाहू दे."

त्यानंतर दर साल ती स्वतः खणत राहिली.

केझाया ट्रेम्बाथ एकोणीसशे एकेचाळीसच्या मार्चमध्ये त्याच माळावर, आपल्या घरात वारली.