यादीच्या तळाशी

“पाय उचला जरा. तुम्ही तिसऱ्या गाण्यावर उभ्या आहात.”

तिने दचकून खाली पाहिलं. बुटाखाली खरंच एक कागद होता आणि त्याला चिकटपट्टी लावत एकजण रंगमंचावर गुडघे टेकून बसला होता. ती घाईने मागे सरकली, तर बुटाला चिकटून कागदही सोबत आला.

“झालं! आता तुम्हीच गा,” तो हसला.

या रॉक बँडच्या पस्तीस वर्षांच्या दौऱ्यांचा इतिहास लिहायला प्रकाशकांनी तिला धाडलं होतं. कोणत्या गावी, कधी, कोणती गाणी वाजली... सगळं. आणि हा बँडच्या गिटारी सुरात लावणारा. कार्यक्रमाआधी गाण्यांची यादी हाताने लिहून पाचही कलाकारांच्या पायांशी चिकटवायची, हेही त्याचंच काम. त्याच्याआधी त्याचे मामा ते करायचे आणि मामांनी एकही यादी फेकली नव्हती. पत्र्याची अख्खी ट्रंक भरली होती.

मग रोज दुपारी रिकाम्या सभागृहात दोघं त्या ट्रंकेपुढे मांडी ठोकून बसू लागले. ती दातांत पेन्सिल धरून कागदन् कागद उलटायची, म्हणून त्याने तिला खारूताई करून टाकलं. ती वरवर चिडायची. मनातून मात्र... आता लपवायचं कशाला, तिला ते फार आवडायचं.

“प्रत्येक यादीच्या तळाशी गावाचं नाव एवढं ठळक का?”

“बुवांसाठी.” साठी उलटलेल्या गायकाला सगळे बुवाच म्हणत. “एकदा भलत्याच गावाला नमस्कार करून बसले. लोकांनी पुढची तीन गाणी ऐकून घेतली नाहीत. तेव्हापासून खाली असेल ते डोळे झाकून वाचतात.”

“डोळे झाकून वाचतात?”

“फार शंका काढता हो, खारूताई!”

“माझा नियमच आहे. कागदावर असेल तेच पुस्तकात. ऐकीव काही नाही.”

“आणि जे कागदावर येतच नाही... ते?”

ती त्याच्याकडे पाहत राहिली. त्याने लगबगीने गिटारीची खुंटी पिळायला घेतली. असा हा माणूस! तार केसभर उतरली तरी त्याला कळायचं. समोरची मुलगी कशाची वाट पाहतेय, ते काही कळत नव्हतं.

अकराव्या दिवशी इथला शेवटचा कार्यक्रम होता. दुसऱ्या दिवशी बँड आठ महिन्यांसाठी परदेशी निघणार होता आणि ती आपल्या घरी. आज बोलला नाही तर संपलंच, हे तिला पक्कं ठाऊक होतं. संध्याकाळी याद्या चिकटवून तो तिच्याशेजारी येऊन उभा राहिला. घसा खाकरला.

“चहा... घेतलात?”

“घेतला,” ती म्हणाली. तिला रडूच येणार होतं.

दिवे उजळले. बुवा पुढे आले, खाली पाहिलं आणि दोन्ही हात उंचावून गरजले, “नमस्कार, खारूताई!”

चार हजार माणसं एकमेकांकडे पाहू लागली. मग हशा पिकला आणि सभागृहाने दणदणीत उत्तर दिलं, “नमस्कार, बुवा!”

तो कानांपर्यंत लाल झाला. “चुकून — चुकून लिहिलं गेलं. सकाळपासून डोक्यात तेच होतं...”

कार्यक्रम संपल्यावर तिने पाचही याद्या उचकटून आणल्या. पाचही कागदांच्या तळाशी तेच नाव होतं.

“एका कागदावर चूक होते,” ती म्हणाली. “पाचही?”

तो हातातली चिकटपट्टी गुंडाळत राहिला. “पहिल्यावर चुकून झालं. मग... खोडवेना. उरलेल्या चारांवर जाणूनबुजून लिहिलं. तुम्ही मला फार आवडता. तोंडाने सांगायला जमलं नसतं.”

“म्हणून बुवांच्या तोंडून?”

“आठ महिने थांबाल?”

तिने दातांतली पेन्सिल काढली. वही उघडून आजची तारीख घातली. गावाच्या रकान्यावर पेन्सिल थांबली.

“तिथे खरं गाव लिहा हो,” तो घाबरला. “पुस्तक छापलं जाणार आहे!”

“कागदावर असेल तेच,” ती म्हणाली आणि ठळक अक्षरांत तिने लिहिलं, खारूताई. “आणि परदेशातल्या याद्या मला टपालाने पाठवायच्या. एकही गाळायची नाही. मी थांबतेय.”