धूर नसताना वाजणारं नाक

चंद्रवस्तीतल्या कीर्तनमंडपाचं दार सकाळपासून बंद होतं. हवेत धूर नव्हता, तरी दारावरचं जिवंत पेशींचं नाक धुराची घंटा वाजवतच होतं. घंटा थांबल्याशिवाय दार उघडायचं नाही, हा वस्तीचा नियम. अन् अकरा वर्षांच्या वेदवतीचं पहिलंवहिलं कीर्तन संध्याकाळी तिथंच होतं.

"चाचणीला चिमूटभर कापूर जाळला, तो केव्हाच विझला," भास्करआजोबा म्हणाले. नाकातल्या पेशी त्यांनीच वाढवलेल्या.

"तुमच्यावरच गेलंय हे. एकदा सुरू झालं की थांबायचं नाव नाही!" वेदवती म्हणाली.

"ऐक गं, चोंबडे." आजोबांनी पडद्यावर पेशी मोठी केली. "हा ग्राहक (बाहेरचा रेणू ओळखणारा पहारेकरी). आतून त्याला खेटून जी-प्रथिन. त्याची तीन उपएककं (जोडून काम करणारे भाग). बीटा-गॅमा म्हणजे एका दोरीतली टाळांची जोडी, कधी सुटत नाही. अल्फा म्हणजे बुवा. त्यांच्या गळ्यात दोन फुलांचा हार, जीडीपी (दोन फॉस्फेटांचा रेणू). तोवर बुवा टाळांपाशी गप्प."

"मग कीर्तनाच्या मध्यंतरात बुवांना हार घालतात, तसा इथं नवा हार कोण घालतं?"

"धुराचा रेणू चिकटला की ग्राहक कूस बदलतो. जुना हार गळतो, तीन फुलांचा जीटीपी गळ्यात येतो. बुवा टाळांपासून सुटून पुढच्या प्रथिनांना जागं करतात. टाळही आपलं काम करतात. घंटा वाजते."

"आणि थांबते कशी?"

"अल्फा स्वतःच एक फूल तोडतो. दोन उरली की परत टाळांपाशी."

वेदवतीनं काचेतून आत पाहिलं. खुंटीवर प्लॅस्टिकचा हार होता. फुलं जपून वापरायची म्हणून वस्तीत प्रत्येक बुवांना तोच घालत.

"आजोबा, पेशींतलं जीटीपी अस्सलच होतं ना?"

आजोबांनी कान खाजवला. "मी त्यात मुद्दाम टिकाऊ बनवलेलं जीटीपी सोडलं होतं. म्हटलं, नाक कधी चुकायला नको."

"त्याचं फूल तुटतं?"

आजोबांनी नकारार्थी मान हलवली.

"बुवांना प्लॅस्टिकचा हार घातलात तुम्ही! आता ते बसणार कसे?"

आजोबा हसत उठले. त्यांनी राखीव पेशी बसवल्या, साध्या जीटीपीवर चालणाऱ्या. पुन्हा कापूर जाळला. घंटा वाजली. धूर सरला, तशी घंटा आपणहून थांबली. दार सरकलं.

"गप्प होणं जमलं," आजोबा म्हणाले. "आता श्वासातला आजाराचा वासही ओळखायला शिकवू याला."

संध्याकाळी वेदवतीच्या गळ्यात हरितगृहातल्या शेवंतीच्या तीन फुलांचा हार होता. कीर्तन संपलं. तिनं एक फूल तोडून आजोबांच्या हातावर प्रसाद म्हणून ठेवलं, आणि टाळकऱ्यांशेजारी जाऊन गुपचूप बसली.