रुक्माबाई… कोणाची?

ही गोष्ट रचलेली नाही. मी, वसराम, स्वतः तिथं उभा होतो. पटत नसेल त्यानं वाचू नये.

१९७५ चा मे महिना. पुसेगावजवळचा आमचा तांडा. भर दुपार.

माझे दाजी गोपीचंद विहिरींच्या सर्वेवर साहेब होते. साहेब कसले… इस्त्रीची पँट अन् तोंडात सारखा कॉम्प्युटर. पाणी मोजायचं अन् भोकं पाडलेली कार्डं पुण्याच्या यंत्राला चारायची, एवढीच अक्कल.

कार्डावर विहिरीच्या नावाला इंग्रजी आठच अक्षरांची जागा. नाव लांबलं की दाजी शेपूट छाटायचे.

तांड्याची विहीर मोहनसिंगच्या रुक्माबाईची. कोरडी ठाक.

गावातली विहीर पुंजाजीच्या रुक्माबाईची. ती बिचारी तिच्यातच बुडून गेली. तेव्हापासून तिथं कोणी पाणी शेंदत नव्हतं. ती तुडुंब.

छाटल्यावर दोन्हीकडं उरलं नुसतं 'रुक्माबाई'. यंत्रानं एकच विहीर धरली… भरलेली.

तांड्याचा टँकर बंद झाला.

मोहनसिंगची रुक्माबाई, आमची काकी, दाजींसमोर येऊन उभी राहिली.

"साहेब, मेलेल्या बाईचं पाणी माह्या नावावर काहून लावलं?"

दाजी हसले. "यंत्राला दोघी एकच. तुझ्यापायी सरकार काय नवं कार्ड छापील?"

"मंग इहिरीत फीत सोडून पाहा."

तिला गप्प करायला दाजींनी मोजायची फीत सोडली. तळाचा कोरडा दगड वरून दिसत होता.

फितीच्या टोकाचं वजन दगडावर वाजलं. खट्…

फीत वर ओढली…

ओली.

पाणी ठिबकत होतं.

तांड्यात कुत्री भुंकत होती, ती थांबली. लेकरांचा गलका थांबला. वारासुद्धा.

मग खालून बाईचा आवाज आला.

"रुक्माबाई…"

अन् तिथंच तुटला.

दाजी वाकले. "कोण हाय?"

"रुक्माबाई… कोणाची?" खालून पुन्हा तोच आवाज.

दाजींचे ओठ हलले. नाव निघेना. स्वतःच्या हातानं छाटलेलं नाव, पण या शहाण्याला आठवेना.

काकी काठावर आली. हळूच म्हणाली,

"पुंजाजीची. तू पुंजाजीची रुक्माबाई. जा बाई, घरी जा."

खाली कोणीतरी लांब श्वास सोडला.

कुत्री पुन्हा भुंकू लागली. तळ तसाच कोरडा.

काकीनं दुसऱ्या दिवशी तहसिलीत ठाण मांडून टँकर चालू करून घेतला. दाजींनी बदली मागितली. नवीन जागीही नावं छाटतच राहिले. कोडगा माणूस.

मला वाटलं, या भित्र्याच्या संगतीनं मीही भ्यालो असेन. खात्री करायला पुढं एकदा त्याच विहिरीवर एकटाच गेलो. दगड बांधून दोर सोडला. वर ओढू लागलो…

येईना.

कुठं अडकला नव्हता. खालून कोणी ओढतही नव्हतं.

नुसता धरून ठेवला होता.

मग खालूनच सोडला… हळूच.

आज इतकी वर्षं झाली. दोर हातात घेतला की वर ओढायच्या आधी मी जरा थांबतो.